एका ताग्याची माणसं

राजापेठेत हिवाळा आधी दुकानांच्या दारात येतो. खरी थंडी अजून मेळघाटातून खाली उतरायची असते, दुपारी वर्गात पंखा लावावाच लागतो. पण दुकानदारांनी बाहेरच्या पुतळ्यांना फ्लॅनेलचे चौकडीचे शर्ट चढवलेले असतात. त्या पुतळ्यांना डोकी नसतात, हात नसतात. मानेपाशी सपाट कापलेले असतात ते. शेजारून एखादी दुचाकी जोरात गेली की त्यांच्या रिकाम्या बाह्या हलतात, आणि क्लासला निघालेली मी दरवर्षी तिथे थांबते.

थांबते ती शर्ट बघायलाच. बाहीचं कापड दोन बोटांत धरून आतली लव बघते. खिशावर चौकडी जुळवली आहे का ते बघते. आतला माणूस "मॅडम, लेडीज वरच्या मजल्यावर," असं सांगतो आणि मी त्याला "मला इथलाच हवाय," असं सांगते. चौकडी सगळ्यांना शोभते हा एक मोठा गैरसमज आहे. ठेंगण्या माणसानं मोठी चौकडी घातली की तो सोलापुरी चादर गुंडाळून आल्यासारखा दिसतो. काटकुळ्यानं अगदी बारीक घातली की जवळून बघणाऱ्याचे डोळे दुखतात आणि लांबून तो नुसताच मळकट वाटतो. सावळ्या रंगाला विटकरी, तपकिरी, गडद हिरवा खुलतो. पोपटी कोणालाच खुलत नाही. हे मला कोणी विचारलेलं नसतं, तरी मी सांगते. क्लासच्या मुली मागून मला चौकडीबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे. पन्नाशीला टेकलेली, जीवशास्त्र शिकवणारी बाई, कुर्त्यावर पुरुषी मापाचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सुरुवातीला लोक हसले, मग त्यांना सवय झाली, आता मी साध्या साडीत दिसले तर तब्येत विचारतात.

या वर्षी मात्र एक शर्ट मी हातात घेतला आणि परत टांगला. विटकरी आणि काळी, चांगली तळहाताएवढी चौकडी, मधून एक बारीक पिवळी रेघ. कापड उत्तम होतं, माप माझं होतं. आतल्या आरशासमोर मी तो अंगाला नुसता लावून बघितला, मान वर केली, आणि आरशातल्या माणसानं ती माझ्यानंतर केली असं मला वाटलं. असं होत नसतं. डोळा, भिंग, प्रकाशाचे किरण, सगळं मी फळ्यावर काढून मुलींना समजावते. तरी बाहेर आले तेव्हा डोक्यावर लख्ख ऊन होतं आणि माझ्या हातांवर काटा होता.

तसल्याच चौकडीचा माझ्याकडे एक होता. आमच्या घरी सगळ्यांकडेच होता. माझा मोठा भाऊ, विनूदादा, तो घालून एका सकाळी अकोटच्या घरातून बाहेर पडला आणि परत आला नाही. त्याचं पुढे काय झालं ते आजवर कळलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला तो दार वाजवेल म्हणून कोणी वाट बघायला नको. वाट बघण्याचं काम माझ्या वहिनीनं करून झालेलं आहे, आणि मला सांगायचं आहे ते तिचंच.

आम्ही भिक्षुकाच्या घरातले. बाबा अकोटात आणि आसपासच्या खेड्यांत पूजा सांगायचे, लग्नं लावायचे, दहावं-तेरावं करायचे. ती वर्षं अशी होती की लग्नं कमी आणि दहावी जास्त. कोणत्या तरी खेड्यावरून कोणी सायकलवर यायचा, चपला काढून ओट्याखाली नुसताच उभा राहायचा, आणि बाबा काही न विचारता पंचा खांद्यावर टाकून निघायचे. परत आले की बराच वेळ पाटावर बसत नसत. "पूर्वी म्हाताऱ्यांचं करायचो, आता पोरांचं करतो," एवढंच एकदा म्हणाले. आई मी शाळेत असतानाच गेली होती. घरात बाबा, दादा आणि वहिनी. मी अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन शिकत होते आणि सुट्टीला एसटीनं घरी यायचे. अकोटात उतरलं की आधी सरकीचा वास यायचा. जिनिंगमधून उडालेला कापूस तारांवर, बाभळींवर, माणसांच्या भुवयांवर बसलेला असायचा.

त्या कार्तिकात एका कापड दुकानदाराच्या घरी तेराव्याला बाबा गेले. म्हातारा आपल्या वयानं गेला होता, त्यात वावगं काही नव्हतं. पण मुलं दुकान बंद करत होती, कारण त्या साली कापड घ्यायला कोणी पायरी चढलंच नव्हतं. दानात धोतर, छत्री, भांडं देतात. मुलांनी त्याबरोबर एक अख्खा तागा बाबांपुढे ठेवला. फलालीनचा. फ्लॅनेलला बाबा फलालीन म्हणायचे. घरी आणून तो आम्ही ओट्यावर उलगडला, तर विटकरी-काळी चौकडी उंबऱ्यापर्यंत गेली.

अकोल्याची आत्या तेव्हा आलेली होती. ती हात मागे घेऊन म्हणाली, "अरे, तेराव्याचं दान कोणी पोराबाळांच्या अंगाला लावतं का? देऊन टाक कोणाला."

"मग मी काय उघडा हिंडू?" बाबा म्हणाले. "माझ्या अंगावर आहे ते सगळं कोणाच्या ना कोणाच्या तेराव्याचंच आहे."

आत्यानं आपला पदर त्या कापडावरून उचलून घेतला.

एका ताग्यातून घरभर शिवायची आमच्याकडे रीतच होती. लहानपणी माझा फ्रॉक, दादाचा शर्ट, उशांचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा एकाच छापाचे असत. मी पडद्यापुढे गप्प उभी राहिले की आई मला घरभर शोधायची. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

गल्लीच्या तोंडाशी रहीम मास्टरांचं शिवणाचं दुकान होतं. दादा त्यांचं लाडकं गिऱ्हाईक, कारण दादा नखरेल होता. "मास्टर, बाही मनगटाच्या हाडावर थांबली पायजे," तो म्हणायचा. "बेटा, मी शर्ट शिवून राहिलो, हाडं नाही बसवून राहिलो," असं मास्टर म्हणायचे, पण बाही बरोबर तिथेच थांबायची. मोठी चौकडी आपल्याला शोभते अशी दादाची खात्री होती, आणि खरंच शोभायची. तो उंच होता आणि त्याचे खांदे रुंद होते. मास्टरांनी त्याचा शर्ट शिवला. मग माझा, अगदी त्याच्यासारखा, कारण मी हट्टानं तसाच मागितला. बाबांना सकाळच्या स्नानानंतर घालायला बंडी झाली. वहिनीला लांब बाह्यांचं पोलकं. तरीही कापड उरलं, तेव्हा बाबांनी मास्टरांना तुम्हीही शिवा म्हटलं. "चला पंडितजी, आता आपण सगळे एका माळेचे मणी," असं म्हणून त्यांनी हसत हसत स्वतःलाही एक शर्ट शिवला.

दादा एका कृषी केंद्रात कामाला होता. बियाणं, खत, फवारणीचं औषध. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय तो काउंटरमागे उभा राहत नसे. "शेतकरी आधी आपल्या शर्टाकडे पाह्यते, मंग बियाण्याच्या थैलीकडे," असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. मळक्या माणसानं दिलेलं बी लोकांना मळकंच वाटतं म्हणे. लोक त्याच्याकडे विश्वासानं यायचे. त्याचा त्याला अभिमान होता, आणि आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

मार्गशीर्ष लागला आणि त्याच्या दुकानाचा एक नेहमीचा शेतकरी गेला. त्याच्याच वयाचा होता. बाबाच दहाव्याला गेले, दादाला तर आधीच कळलेलं होतं. जेवता जेवता तो एकदम म्हणाला, "बाटली आपल्या दुकानातली होती. म्याच काढून देल्ली फळीवरून."

"तुमाले काय माहीत त्याच्या मनात काय हाये?" वहिनी म्हणाली. वहिनी तेल्हाऱ्याकडची, तिची बोली तशीच राहिली होती आणि बाबांनी ती कधी सुधारायला सांगितली नाही.

"नव्हतंच माहीत. थो त माह्या शर्टाची तारीफ करून राहिला होता. म्हणे विनूभाऊ, चौकडी भारी हाये." दादा ताटाकडे बघत होता. "लोक शर्ट पाहून औषध नेतेत माह्याकडून."

त्यानंतर त्याचं बोलणं आटलं. रोज तोच शर्ट घालू लागला. वहिनी धुवायला मागायची, तो "उद्या देतो" म्हणायचा. दुकानाच्या फळीला अडकून कोपर फाटलं, तर तेही तिला शर्ट त्याच्या अंगात असतानाच रफू करावं लागलं. मग एका धुक्याच्या सकाळी चहा पिऊन तो दुकानाला निघाला आणि दुकानात पोचला नाही.

त्या वर्षांत माणूस वेळेवर घरी आला नाही की गाव आधी विहिरीत वाकून बघायचं. दादासाठीही बघितल्या. रुळांवर जाऊन आले, पोलिसांत कळवलं, नात्यातल्या सगळ्या गावांना विचारलं. काही नाही. सापडला नाही म्हणून घरात आधी सुटकेचा श्वास सोडला गेला, आणि मग तो श्वास परत आत घ्यायला कोणाला जमेना.

आणि मग दादा दिसायला लागला.

पहिल्यांदा भाजी बाजारात दिसला. शेजारचे सांगत आले, "तुमचे विनूभाऊ पायले आज. पाठमोरे होते. हाक मारली, थांबले नाईत." वहिनीनं त्यांना आत बसवलं, चहा केला, आणि मग एकेक विचारलं. कोणत्या बाजूला गेले, डोकं उघडं होतं का, हातात काही होतं का, पाय ओढत होते का. मग नाल्याकडच्या रस्त्यावर, उजाडताना, धुक्यात. मग जिनिंगच्या भिंतीशी. कोणी त्याचा चेहरा बघितलेला नसायचा, पण चौकडी सगळ्यांनी ओळखलेली असायची. वहिनीच्या मनात एक नकाशाच तयार झाला: तो इथेच आहे, गावाभोवती फिरतो आहे, लाजेनं घरी येत नाही. ती दोन घास जास्तीचे करून ठेवू लागली. बाबा शाल घेऊन सांगितलेल्या जागी जायचे आणि तिथे कोणी नसायचं.

मलाही दिसला. एसटीत खिडकीशी बसले होते, बाहेर धुकं दाट, आणि काचेपलीकडे बसच्या बरोबरीनं विटकरी शर्टातलं कोणी तरी चाललेलं. बस पळत होती आणि ते माणूस चालत होतं. काचेत मीच आहे हे कळायला किती वेळ लागला सांगता येत नाही. कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. मी मात्र जागा बदलून आत जाऊन बसले.

परसात दोरीवर कपडे वाळत असायचे. एकदा वहिनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. दोरीवर माझा शर्ट उलटा टांगलेला होता, त्यात वारं भरलं होतं आणि एक बाही घराकडे बोट दाखवल्यासारखी सारखी वर उठत होती. ती जाऊन त्या बाहीला हात लावून उभी राहिली. वारं पडलं, बाही तिच्या हातात लोळागोळा झाली, तरी तिनं सोडली नाही.

वहिनी आता माझ्याकडेच राहते, राजापेठेत. गुडघे दुखतात, टीव्हीवरच्या मालिकांना शिव्या देते, माझे शर्ट तीच वाळत घालते आणि माझ्या निवडीवर शेरे मारते. "हा हिरवा चांगला हाये. हा निळा मास्तरणीसारखा दिसते." मी मास्तरीणच आहे असं म्हटलं की "म्हूनच सांगून राहिली" म्हणते. ती टिकली लावते की नाही हे नातेवाईक अजून चोरून बघतात. ती कधी लावते, कधी विसरते. या विषयावर तिनं मला एकदाही काही विचारू दिलेलं नाही.

तर त्या हिवाळ्यातला एक रविवार. मी अमरावतीहून आले होते. अंगात तोच शर्ट, कानटोपी, खांद्याला पिशवी. स्टँडवरून जिनिंगच्या गल्लीतून घरी आले, परसात जाऊन पायांवर पाणी घेतलं. तेवढ्यात पुढच्या दारात शेजारच्या काकू धापा टाकत उभ्या. "वहिनी, अवो विनूभाऊ आला! आत्ता पायला या डोयानं, जिनिंगच्या गल्लीतून घराकडंच येऊन राहिला!"

वहिनी दाराकडे धावली, गल्लीत दोन्हीकडे बघितलं, परत आत आली. मी ओल्या पायांनी मधल्या दारात उभी होते. तिनं आधी माझ्या शर्टाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून एकेक जागा निघून जात होती ती मला दिसत होती. नाल्याकडच्या रस्त्यावर उजाडताना दिसला तो, म्हणजे स्नान करून बंडी घालून परतणारे बाबा. भाजी बाजारातला, म्हणजे रहीम मास्टर. काकूंना तिनं सवयीनं चहा केला, पण एकही प्रश्न विचारला नाही.

काकू गेल्या आणि तिनं मला म्हटलं, "काढ थो शर्ट."

बाबांची बंडी तिनं खुंटीवरून घेतली. स्वतःचं पोलकं आणलं. मग डोक्यावर पदर घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी गेली, मागोमाग मी. मास्टर मशीनवर होते, अंगात तो शर्ट. ती म्हणाली, "चाचा, तुमचा शर्ट पायजे मले. काही दिवस. तुमी हा घालून हिंडता आन् लोक मले येऊन सांगतेत का हे दिसले म्हून. आता कोणी घालायचा नाई. मंग जो दिसन, थो खराच हे असतीन."

मास्टरांनी मशीन थांबवली. शर्ट काढून घडी करून तिच्या हातात दिला, आणि त्या गारठ्यात बनियनवर परत पायडलवर पाय ठेवला. "अल्ला करे, दिसो बेटी," एवढंच म्हणाले.

सगळं तिनं आईच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत घातलं आणि कडी लावली.

पेटी बंद झाली आणि दादा दिसायचा थांबला. कोणी म्हणजे कोणी आलं नाही. भाजी बाजार तोच, नाला तोच, धुकंही तेवढंच. पण गावानं दादा बघणं एका दिवसात सोडून दिलं. बाबा ओट्यावर बसून वाटेकडे कान लावायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "आज कोणी सांगत आलं नाही का?" ते विचारायचे. मला वहिनीचा राग यायला लागला. खोटं तर खोटं, तो गावात हिंडत तरी होता. तिनं त्याला पेटीत घातलं, असं माझ्या मनात आलं आणि मी घाबरले.

ती पेटी माझ्या अंथरुणाशेजारी होती. सकाळी उठले की घरातलं सगळं गार असायचं, फरशी, तांब्या, दाराची कडी. एकदा उठताना आधार म्हणून मी पेटीच्या झाकणावर हात टेकला आणि तो पत्रा कोमट लागला. कोणी तरी आत्ताच उठून गेलेल्या जागेसारखा. उन्हाची तिरीप पडली असेल असं मी स्वतःला सांगितलं. त्या खिडकीत सकाळचं ऊन येत नाही. फलालीन ऊब धरून ठेवतं हे खरं, पण धरून ठेवायला ती आधी कोणाची तरी असावी लागते. मी हे वहिनीला सांगितलं नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मले माहीत होतं. मी रोज हात लावून पाह्यत होती."

आत्या अकोल्याहून आली ती विधीचं बोलायला. ज्याचं काहीच सापडत नाही त्याचं पळसाच्या पानांचं माणूस करतात, आणि त्यालाच अग्नी देतात. हे बाबांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. त्यांनी तो विधी दुसऱ्यांच्या घरी केलेला होता. पानं कशी मांडायची, डोक्याला नारळ कसा ठेवायचा, सगळं त्यांच्या हातात होतं.

"शास्त्रात बारा वर्षं थांबायला सांगितलंय," बाबा म्हणाले.

"तोवर ही काय कुंकू लावून बसणार?" आत्यानं विचारलं.

वहिनी आतून म्हणाली, "बसन. तुमच्या घरी येऊन नाई बसणार." आत्या त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत गेली. पण तिनं ते बोलून ठेवलं होतं, आणि परसातल्या पळसाकडे आम्ही तिघंही बघायचं टाळू लागलो.

संक्रांत तोंडावर आली. बाबांचे एक यजमान सोयरिकीच्या बोलण्यासाठी मूर्तिजापूरला गेले होते, ते परतल्यावर सरळ आमच्या ओट्यावर आले. "गुरुजी, तुमचे विनूभाऊ पायले. शकुंतलेच्या फलाटावर. पाठमोरे होते. शर्ट थोच."

शकुंतला म्हणजे आमच्याकडची अरुंद रुळांवरची आगगाडी. वहिनी आत गेली. पेटी उघडून तिनं एकेक कपडा हातानं चाचपला. शर्ट, बंडी, पोलकं, मास्टरांचा शर्ट. सगळे जागेवर होते. मग तिनं लुगड्याची घडी मोडली, पिशवीत तिळाच्या वड्या आणि दादाची धुतलेली पँट घातली. "कपडे मळले असतीन त्याईचे," ती म्हणाली. बाबांना यायचं होतं, पण डोळ्यांनी त्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघीच निघालो. रस्ताभर दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या होत्या. वहिनी पिशवी मांडीवर धरून ताठ बसली होती. तिनं केसांना तेल लावून वेणी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखी.

फलाटावर गाडी अजून लागलेली नव्हती. धुकं विरत होतं. आणि फलाटाच्या टोकाला तो उभा होता, पाठमोरा. विटकरी-काळी चौकडी, मधली पिवळी रेघ, खांद्यांवर तशीच ताणलेली. वहिनी थांबली. मीही थांबले. हाक मारायची असते हे दोघींनाही सुचलं नाही. तो वळला नसता तर आम्ही तशाच उभ्या राहिलो असतो, आणि मला वाटतं तेच बरं झालं असतं.

तो वळला. साठीकडे झुकलेला माणूस होता, पांढरी मिशी, गळ्यात फुटाण्यांची टोपली.

वहिनी त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या कोपराकडे बघत होती. तिथे काळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. "माह्या हातचं हाये," ती मला म्हणाली, आणि पुढे झाली. "भाऊ, हा शर्ट कोठून आणला?"

तो गडबडला. "चोरला नाई बाई. एका मानसानं देल्ला."

"कसा होता माणूस?"

"चांगल्या घरचा दिसे. थ्या बाकावर बसून राह्यला व्हता. मी थंडीनं कुडकुडून राह्यलो व्हतो. त थो उठला, शर्ट काढला, सारी बटनं लावून घडी घातली, अन् माह्या टोपलीवर ठेवला. मी म्हनलं, अन् तुमी? त म्हने, घ्या काका. मले आता थंडी नाई वाजत."

आमच्या मागे कोणी तरी भांडी आपटली, एक कुत्रं रूळ ओलांडून गेलं. वहिनीनं विचारलं, "मंग गाडीत बसले?"

"नाई पायलं बाई. गिऱ्हाईक आलं मंधात. मान वर केली त बाकावर कोनी नाई." तो टोपली खाली ठेवून बटणं काढायला लागला. "तुमच्या घरचा असन त घिऊन जा."

"नाई नाई, राहू द्या," ती म्हणाली. "तुमाले शोभते." तिनं पिशवीतून तिळाच्या वड्या काढून त्याच्या टोपलीत ठेवल्या. मग त्याच्या गळ्याचं उघडं बटण तिनं स्वतःच्या हातानं लावलं, आणि त्यानं लावू दिलं.

परतीच्या एसटीत ती रडली नाही. मी रडले. अर्ध्या वाटेवर खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बटनं लावून घडी घातली म्हणे. घरी कवा घातली नाई."

बाबा ओट्यावर उभेच होते. तिघांच्या पावलांचा आवाज येतो का ते ऐकत असावेत. वहिनीनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि सांगितलं, "दुसराच माणूस होता, बाबा. शर्ट ह्यांचा होता. ह्याईनं आपल्या हातानं देल्ला त्याले."

"हातानं दिला?" बाबांनी विचारलं. दान घेण्यात जन्म गेलेला माणूस तो. त्यांनी डोळे मिटले. पळसाच्या पानांचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. बाबा गेले त्यानंतरही नाही.

वहिनी आत गेली, पेटीची कडी काढली. बाबांची बंडी आणून तिनं त्यांच्या अंगात घातली. मास्टरांचा शर्ट त्यांना देण्यासाठी बाजूला ठेवला. स्वतःचं पोलकं चढवलं आणि बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. माझा शर्ट झटकून तिनं माझ्यापुढे धरला. मी घेईना, तेव्हा तिनं तो माझ्या खांद्यांवर टाकला.

"घाल," ती म्हणाली. "थंडी हाये. आन् उद्या कोणी आलं, विनूभाऊ दिसले म्हून, त त्याले चहा पाज. मले बोलवू नको."